दोन हॉटेलांचं बंदर

वहिनींना लोकांच्या सामानापेक्षा त्यांच्या भानगडींत जास्त रस असतो, असं त्यांच्या नणंदेचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं टाकून दोघींनी प्रवासाचं ऑफिस थाटलं होतं. नणंद, म्हणजे वन्सं, पैशांचं बघायच्या आणि बसल्या जागेवरून शेरे मारायच्या. विमानं, हॉटेलं आणि जहाजं यांची मोट बांधायचं काम वहिनींचं.

साधी सहल कुणीही काढून देतं. वहिनींकडे यायचे ते आडवाटेचे लोक. कुणाला बर्फावरची अस्वलं बघायची असायची, कुणाला देवमासे. त्यासाठीची छोटी जहाजं जिथून सुटतात तिथे धड विमान जात नाही, गेलं तर रोज जात नाही, आणि धुकं पडलं की अर्ध्या वाटेतून परत फिरतं. म्हणून वहिनींचा हट्ट एकच: जहाज सुटायच्या आदल्या दिवशी बंदरावर पोचायचं म्हणजे पोचायचं. जहाज कुणासाठीही थांबत नाही.

दाताच्या डॉक्टरांशी त्यांचं याच मुद्द्यावर वाजलं.

"आदल्या दिवशी जाऊन काय करू? माशांचे दात तपासू?" डॉक्टर म्हणाले.

"तपासा की. पण तिथे पोचून तपासा."

डॉक्टरांना वॉलरस बघायचे होते. जन्मभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणून घसा सुकला, आता ज्याचे दात आ न करताच दिसतात असा एक तरी प्राणी बघू द्या, असं त्यांचं म्हणणं. बायकोला थंडी सोसत नव्हती, म्हणून ते एकटेच निघाले होते. माणूस हौशी, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा नव्हे; जहाजाच्या खोलीचा नकाशा त्यांनी स्वतःच्या एक्स-रेच्या दिव्यावर धरून पाहिला होता. शेवटी आदल्या दिवशी जायला ते तयार झाले, वर "तुमच्या हट्टापायी" हेही ऐकवून गेले.

त्यानंतर आठवडाभरात एक बाई आल्या. उंच, खांदे रुंद, केस अगदी बारीक कापलेले. पोहायला शिकवायच्या. खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांनी सांगून टाकलं, "मला त्या डॉक्टरच्या जहाजावर जागा हवी आहे. मी त्याची थोरली बहीण. त्याला कळता कामा नये."

वन्संचं पेन हवेतच थांबलं.

"एका गिऱ्हाइकाचा बेत आम्ही दुसऱ्याला सांगत नाही," वहिनी म्हणाल्या. म्हणायचं म्हणून म्हणाल्या; कान एव्हाना टवकारले होते.

"सांगू नका. मला सगळं ठाऊक आहे. त्याच्या मुलीने सांगितलं, आत्यावर जीव आहे तिचा. जहाज तेच हवं, विमान वेगळं हवं आणि हॉटेल वेगळं हवं. जहाज सुटेपर्यंत त्याला मी दिसायला नको."

"पण का?"

बाईंनी हात मांडीवर ठेवले. आई गेली तेव्हा भाऊ परगावी होता. निघालो आहे, असा त्याचा निरोपही आला होता. पण बाईंनी त्याची वाट पाहिली नाही, सगळं उरकून टाकलं. तो पोचला तेव्हा घरात फक्त पाण्याने धुतलेली ओली फरशी होती. त्यानंतर तो बहिणीशी बोललेला नाही.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "ते सांगायला मी किती वेळा गेले असेन. मी आले की हा उठतो आणि जातो. भाचीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठला. दवाखान्यात गेले तर मागच्या जिन्याने पळाला, खुर्चीतला पेशंट तसाच तोंड उघडून बसला होता. जहाजावरून कुठे जाईल? चहूकडे पाणी!"

वन्संना हसू आवरेना. वहिनींना मात्र हसू आलं नाही. असा बेत त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता, आणि त्याचं पुढे काय होणार हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली आता घास उतरणार नव्हता.

बाई गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "आपण तिकिटं काढतो गं, समेट नाही घडवत. डॉक्टरला कळलं तर आपलेच दात घशात घालील."

"मी कुठे काय करतेय? दोन माणसांची हॉटेलं तेवढी वेगळी करतेय."

"हो हो. साळसूदच तू."

बेत मात्र सोपा नव्हता. त्या बंदरात हॉटेलं दोनच. एक धक्क्याला लागून, मोठं; दुसरं वर चढावर, चार खोल्यांचं. डॉक्टरांचं बुकिंग मोठ्या हॉटेलात होतं, तेव्हा बाईंना चढावरचं. बाई त्यांच्या आधी पोचणार आणि नंतर परतणार. पण खरी मेख बुटांची होती. या जहाजांवरून लोकांना रबरी होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे बूट जहाजाची कंपनीच देते, आणि ते मापाप्रमाणे घालून बघायला सगळ्यांना आदल्या संध्याकाळी मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये जमावं लागतं. तिथे शेजारी शेजारी बूट चढवताना बहीणभावांची गाठ पडली असती तर संपलंच. वहिनींनी कंपनीच्या माणसाला गोड बोलून पटवलं, की या प्रवाशाचे बूट दुपारीच देऊन टाका. का, असं त्याने विचारलं. तिचे पाय नाजूक आहेत, असं वहिनींनी ठोकून दिलं. बाईंचे पाय त्यांनी पाहिले होते. नाजूक हा शब्द त्या पायांना शोभणारा नव्हता.

दोघं निघाली. वहिनी ठरलेल्या वेळी संगणकाच्या पडद्यावर बघत राहिल्या. बाईंचं विमान उतरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं उतरलं. बूट दुपारी मिळाले, असा बाईंचा निरोप आला. वहिनींना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी वन्संना चहा करून दिला. असं सहसा होत नसे.

जहाज सुटायच्या दिवशी दुपारी फोन आला. डॉक्टर होते. आवाज थंड.

"वहिनी, इथे जेवणाच्या खोलीत माझी बहीण बसली आहे."

वहिनींनी संगणक उघडला आणि कंपनीची सूचना वाचली. बंदराच्या तोंडाशी बर्फ वाहून आलं होतं, जहाज बाहेरच अडकलं होतं. केव्हाही बोलावणं येईल म्हणून कंपनीने सगळे प्रवासी एकाच हॉटेलात आणून ठेवले होते. अशा वेळी कंपनी नेहमी हेच करते. प्रत्येक गिऱ्हाइकाला वहिनी हे स्वतःच्या तोंडाने सांगायच्या, 'उशीर झाला तर काळजी नको, सगळ्यांना एकत्र ठेवतात.' विमानं जुळवली, बूट जुळवले, आणि रोजचं पाठ असलेलं नेमकं विसरल्या. त्यांना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

खोटं बोलायला एक क्षण होता. वन्सं समोरून बघत होत्या.

"होतं," वहिनी म्हणाल्या. "मीच जमवलं. माझी चूक झाली, डॉक्टर. तुम्हाला विचारायला हवं होतं."

डॉक्टरांनी थेट विमानाचं विचारलं.

"संध्याकाळी परतीचं विमान आहे ना? एक सीट काढा."

विमान होतं. सीटही होत्या. भरलंय म्हणून सांगितलं असतं तर कुणाला कळणार होतं? धुक्याने तर नेहमीच विमानं अडतात. पण आता त्यांना एकही गोष्ट लपवायची नव्हती. "आहे," त्या म्हणाल्या, "खिडकीजवळची धरून ठेवते," आणि फोन खाली ठेवला. एका माणसाला बहिणीसमोर बसवायला एवढा खटाटोप केला आणि त्याच्या पळून जाण्याचं तिकीटही आपल्याच हातून निघतंय, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तोच पुन्हा फोन वाजला. या वेळी बाई.

"तो काउंटरवर विमानतळाची गाडी विचारत होता. विचारून वर गेला. जातोय ना?"

"मी सांगू शकत नाही, बाई."

"नका सांगू. संध्याकाळच्या विमानात मला जागा द्या. त्याच्या शेजारची." बाईंचा श्वास ऐकू येत होता. "विमानातूनही उठून जाता येत नाही."

"आणि जहाज? इतक्या लांब गेलात, वॉलरस न बघताच—"

"मला वॉलरसचं काय करायचंय हो?"

वहिनींनी रिसीव्हर ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. शेजारची सीट रिकामी होती. एक बटण दाबलं की काम झालं. बेत पहिल्यापेक्षाही पक्का होता; खिडकीपाशी डॉक्टर, वाटेत बाई, आणि खाली ढग.

"दाबतेस का?" वन्संनी विचारलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी डॉक्टरांचा नंबर लावला.

"डॉक्टर, तुमच्या शेजारची सीट तुमच्या बहिणीने मागितली आहे. जहाज सोडून येणार म्हणतात. देऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर देणार नाही."

पलीकडून चेन ओढल्याचा आवाज आला. बॅग बंद होत होती की उघडत होती, कळेना.

"ती जहाजावर चढणार होती?" डॉक्टर शेवटी म्हणाले. "खरंच?"

"बूटही घेतलेत त्यांनी."

"अहो, तिला बोट लागते. पोहायला शिकवते, पण बोटीत पाय ठेवत नाही. आई आम्हाला तळ्यात होडीतून न्यायची, तिथे त्या बित्तभर पाण्यातसुद्धा ही ओकायची. मी तिचं डोकं धरून बसायचो. आणि ही बाई बर्फाच्या समुद्रात इतके दिवस... गोळ्या तरी घेतल्यात का तिने?"

"मला बोलल्या नाहीत."

"बोलणारच नाही. ती कधीच बोलत नाही, करून मोकळी होते." मग घसा खाकरून ते म्हणाले, "माझं तिकीट सोडून द्या. तिला तुम्ही काही कळवू नका. मी जातो खाली."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोन खिशात टाकला असावा, पण बंद करायला विसरले. कापड घासल्याचा आवाज येऊ लागला. दार लागलं. मग पावलं, आधी घाईची, मग जिन्यावर सावकाश, मध्येच एकदा थांबलेली. वन्सं खुर्ची सरकवून जवळ आल्या आणि त्यांनी डोकं रिसीव्हरला लावलं. पलीकडे बरीच माणसं बोलत होती, बशा वाजत होत्या. पावलं थांबली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बाईंचा आवाज, अगदी लहान, "बस ना."

वहिनींना पुढचं ऐकायचं होतं. आयुष्यात कुठलीच गोष्ट त्यांना इतकी ऐकावीशी वाटली नव्हती.

त्यांनी फोन ठेवून दिला.

"अगं!" वन्सं ओरडल्या.

"जहाजाला उशीर आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यांना वेळ आहे."