रेझोल्यूट ते ग्रीझ फियॉर्ड, दीड तास

“वळवलं की मेल्यानं!” आर्नाउयाक खिडकीला नाक लावून ओरडली. “अरे, ते बघ माझ्या भावाचं छप्पर! छप्पर दिसतं तुला, मग जमीन दिसत नाही होय रे?”

वैमानिक दक्षिणेकडचा, मिशी नुकती फुटलेला. मान न वळवताच म्हणाला, “आजी, खाली वारा आडवा आहे. कड्यावर आपटलो तर सगळेच पोचू, पण वर.”

“तुझ्या वयाची होते तेव्हा कुत्र्यांच्या गाडीनं आले होते मी, याच वाऱ्यातून!”

“कुत्र्यांना पंख नव्हते, आजी.”

रेझोल्यूटहून ग्रीझ फियॉर्ड, म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाला बर्फातलं तिचं गाव, पावणेचारशे किलोमीटर, विमानानं दीड तास. हे आपलं सांगायला. वाऱ्याच्या मनात असलं तर दीड तास, नसलं तर आठवडा. डोळ्याचं ऑपरेशन करून परतताना आर्नाउयाक रेझोल्यूटला अडकली होती, आणि तिकडे गावात तुल्लिक शेवटच्या घटका मोजत होता. आज गाव पायाखाली आलं आणि मागे पडलं. नवी नजर एवढी लख्ख, की धुराड्यातला धूरसुद्धा दिसला तिला.

तुल्लिक तिचा धाकटा भाऊ. पण ती त्याला ‘बाबा’ म्हणे. बाप मेला तेव्हा ती पोर होती, क्षयासाठी जहाजात घालून दूरच्या दवाखान्यात नेलेली. परतली, तर आईनं एक रांगतं मूल तिच्या मांडीवर ठेवलं. “घे, तुझा बाप. त्याचंच नाव दिलंय.” त्यांच्यात गेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला देतात; नाव ज्याचं, नातंही त्याचंच. त्या बापाला तिनं कडेवर वागवलं, शेंबूड पुसला. धपाटा मात्र कधी घातला नाही. बापावर कोण हात उगारतं? पहिल्या खेपेला बाप तिच्यावाचून गेला. या खेपेला तरी हात हातात धरून धाडायचा, एवढीच तिची हाव.

विमान परत रेझोल्यूटला उतरलं, तर एलिसापीचा फोन. तुल्लिकची लेक.

“आत्या, बाबा गेले.”

“कधी?” आर्नाउयाकनं विचारलं.

“विमानाची घरघर ऐकून डोळे उघडले गं त्यांनी. मी म्हटलं, ‘आली हो तुमची लाडकी!’ मला चहा टाकायला लावला. उशीला टेकून बसले. मग आवाज लांब गेला. मी म्हटलं, वळसा घालून येतंय. त्यांना काय कळत नव्हतं? तरी दाराकडेच बघत राहिले. कशाला बोलले मी, आत्या!”

“गप. रडून घसा बसवू नकोस. दार उघडलं होतंस?”

“सताड.”

“बरं केलंस.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “गावात कुणाला दिवस गेलेत?”

“नाही गं.”

“नीट आठव. ते नाव असं उघड्यावर टाकायचं नाही.”

“आठवलं, आत्या. यंदा कुणालाच नाही.”

आज पुन्हा उडणं नव्हतं; बाहेर वैमानिक शिडीवर चढून इंजिनांवर गोधडीसारख्या जाड खोळी घालत होता. आर्नाउयाक काचेपाशी गेली. त्यानं शेवटचा पट्टा आवळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.