आईच्या खोलीला भाडेकरू

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "वर्गात बसवतील ना? की बाहेर पालकांच्या बाकावर?"

ती श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या कानाचा ठसा घ्यायचा, यंत्र बसवायचं आणि आठवड्याभरानं 'आता घरातलं सगळंच ऐकू येतं हो' ही तक्रार शांतपणे ऐकून घ्यायची. आता तिला हीच विद्या रीतसर शिकायची होती. घोडं अडलं होतं फीपाशी.

शिष्यवृत्तीची वयोमर्यादा तिनं केव्हाच ओलांडली होती. बँकेतल्या साहेबांनी कौतुकानं विचारलं, "मुलगी काय शिकणार?"

"मुलगी मीच," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या निवृत्तीला किती वर्षं उरली ते मनातल्या मनात मोजलं आणि चहा मागवला. कर्ज मिळालं नाही. चहा मात्र बरा होता. शेवटी दुकानाच्या मालकीणबाईंनी अर्धी फी भरायचं कबूल केलं, शिकून झाल्यावर तीन वर्षं नोकरी सोडायची नाही या अटीवर.

"मी कुठे जाणार, बाई?"

"शिकलेल्यांचं काही सांगता येत नाही."

उरलेल्या अर्ध्या फीसाठी एकच वाट होती. आईची खोली भाड्यानं द्यायची.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वडिलांच्या घोरण्याला वैतागून तिनं ती मागची लहान खोली बळकावली होती, आणि तिथे पाठ टेकायला त्यांना सक्त मनाई होती. संसार उत्तम चालला होता; फक्त मध्ये एक भिंत होती.

"दे की," वडील म्हणाले. "पडूनच आहे खोली."

इतक्या चटकन म्हणाले, तिथेच तिनं ओळखायला हवं होतं.

पहिला भाडेकरू आला तो शाळामास्तर. वडिलांच्या मते त्याचे बूट फार मोठे होते.

"खोली बुटांना द्यायची नाहीये, बाबा."

"ते बाहेर थोडेच राहणार आहेत?"

दुसऱ्या बाईंनी खिडकी धाडकन उघडली, म्हणून त्या बाद. तिसऱ्यात काही खोट सापडेना. वडील म्हणाले, "इतका सरळ माणूस मला संशयास्पद वाटतो."

फीची मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी ती म्हणाली, "बाबा, नको असेल तर नको म्हणा. मी पुढच्या वर्षी बघेन."

"पुढच्या वर्षी वर्गात काठी घेऊन जाशील."

ती हसली नाही. आईचा स्वेटर अजून खोलीच्या दारामागे टांगलेला होता. कपाट तिनं स्वतः रिकामं केलं होतं. दारामागे मात्र तिचा हात गेला नव्हता. तेव्हा सगळा दोष बापाच्या माथी मारण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी, प्रवेश सोडत असल्याचं कसं कळवायचं याचा विचार करत ती घरी आली, तर दारातच वडिलांची गादी आडवी पडलेली. शेजारचा सुतार त्यांची खाट ओढत होता आणि वडील त्याला चुकीच्या सूचना देत होते.

"हे काय?"

"माझी खोली दे भाड्यानं. मोठी आहे, गॅलरी आहे, भाडंही जास्त येईल. एवढी शिकलीस, हे सुचलं नाही?"

"आणि तुम्ही?"

"मी आत."

"आईनं मनाई केली होती."

"माझ्या घोरण्याला केली होती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "करीन प्रयत्न."

संध्याकाळी एक पाव भाजणारी बाई खोली बघायला आली. वडिलांनी आधीच कबुलीजबाब देऊन टाकला. "मी घोरतो. भिंत पातळ आहे."

"मी रात्रभर भट्टीवर असते, काका. सकाळी येऊन झोपते."

"दुपारी मी जरा पडतो."

"पडा की. आवाज न करता पडा."

वडील मुलीकडे वळले. "हिला खोली दे. हिचं तुझ्या आईशी जमलं असतं. आगाऊ भाडं घे आणि उद्या सकाळीच फी भरून टाक, विचार बदलायच्या आत."

"यांचा?"

"माझा."

तिनं पैसे पर्समध्ये ठेवले. मग वडिलांची उशी काखेत मारली आणि आईच्या खोलीत नेऊन ठेवली.