मिनारची सर्दी

"लेकराचं नाक पुसलं तर लेकरू मोठं होऊन आई तरी म्हणतंय. ह्याचं पुसलं तर काय मिळायचं? लाथ!"

जगदेवी लीद भरता भरता स्वतःशीच पुटपुटत होती. मध्ये भिंत नव्हती, नुसता तट्ट्याचा आडोसा होता. पलीकडं नवऱ्यासाठी चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या गौसियाला एकूण एक शब्द ऐकू आला.

"कालपास्नं तिसरं फडकं. आन् वाळलं की कसं कडक होतंय, डिंक लावल्यावानी."

गौसियाचा पाय तिथंच थांबला.

"कुठल्या नाकपुडीतून गं?" तिनं आडोशाआडूनच विचारलं.

"अगं बाई! भाभी तुमी व्हय? जीव घाबरा केलात की. डाव्या. उजवी कोरडी ठाक हाय. अर्ध्याच घोड्याला सर्दी झालीय."

जगदेवी हसली. गौसियाही हसली. न हसणं म्हणजे काहीतरी बोलून बसणं झालं असतं.

निलंग्याच्या बाहेर, कर्नाटकाकडं जाणाऱ्या रस्त्याला आप्पासाहेबांचं शेत होतं. चांगला पाण्यावरचा ऊस मोडून त्यांनी तिथं तबेला बांधला आणि एक घोडा आणला. साधासुधा नव्हे. शर्यती पळून आता निवांत झालेला, अस्सल थरोब्रेड वळू. कागदावर नाव 'कॉपर मिनार', अंगाचा रंग तांब्याच्या घासलेल्या घागरीसारखा. रस्त्यावर फलक लावला होता: शर्यतीच्या रक्ताचा जातिवंत घोडा, घोडी दाखवण्यासाठी भेटा. देगलूर, बिलोली, उदगीरहून लोक आपापल्या गावठी घोड्या टेम्पोत घालून आणत. पोटी शर्यतीचं शिंगरू यावं, माळेगावच्या जत्रेत चारचौघांनी वळून बघावं, एवढीच त्यांची इच्छा.

आलेल्या माणसाला आधी खुर्ची, मग पाणी, मग मिनारची वंशावळ. आप्पासाहेब ती आरतीच्या चालीत म्हणत. बाप आयर्लंडचा, विमानातून आलेला. आजा इंग्लंडचा. पणजा असा, खापरपणजा तसा. आईकडून पुण्याचं घराणं. स्वतःच्या पणज्याचं नाव त्यांना पितृपंधरवड्यात बायकोला विचारावं लागे, ती गोष्ट वेगळी.

आणि या घोड्याला सांभाळायला होता मुनीब, गौसियाचा नवरा. देगलूरच्या टांगेवाल्यांच्या घरातला. टांगे कधीच मोडीत निघाले, पण घोड्याचं वेड रक्तात उरलं होतं. त्याच्या घरातली एक रीत होती. सकाळी घोड्याजवळ गेलं की आधी त्याच्या नाकाला नाक लावायचं, त्याच्या नाकपुडीत हळू फुंकर घालायची आणि त्यानं सोडलेला श्वास आपण आत घ्यायचा. याला ते सलाम म्हणत. अशानं घोडा माणसाला कधी विसरत नाही, असं मुनीबचे अब्बा सांगायचे. लग्न होऊन आल्यावर गौसियानं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्याआधी हिलाच निकाह लावून आणलं वाटतं." ती म्हणजे तेव्हाची घोडी. पुढं सवती बदलत गेल्या, सलाम राहिला.

आज मात्र तो सलाम आठवला आणि ती किटली घेऊन तरातरा आत गेली.

मुनीब मिनारच्या पायाशी बसून खूर साफ करत होता. तिनं किटली ठेवली आणि वाकून घोड्याच्या मागच्या पायाकडं बघितलं. आतल्या बाजूनं, मांडीपासून खाली, कातडीखाली गाठी होत्या. एकीखाली एक, तसबीच्या मण्यांसारख्या.

"अहो, हे काय?"

"डास चावल्यात."

"आन् नाक?"

"सर्दी हाय. कनार."

कनार म्हणजे घोड्याची सर्दी. मुनीबच्या घरात हा रोजच्या वापरातला शब्द. गूळ, हळद, धुरी दिली की कनार जाते. पण त्याच शब्दाच्या आधी 'बद' लागलं की तो शब्द उरत नाही, फाशीचा दोर होतो. बदकनार एका घोड्याला झाली की तबेल्याला होते, तबेल्याला झाली की माणसालाही सोडत नाही. मुनीबच्या आजोबांच्या तबेल्यात ती आली होती. सगळे घोडे सरकारी माणसांनी मारले, खड्ड्यात चुना टाकून पुरले. मागोमाग आजोबा गेले. तेव्हापासून त्या घरात 'बद' ही अक्षरं घोड्याजवळ कुणी उच्चारत नसे. बदाम मागायचे असले तरी अब्बा तबेल्याबाहेर येऊन मागत.

"नुसती कनारच ना हो?" गौसियानं विचारलं.

मुनीबनं खुरातला खडा काढून दूर फेकला. "गौसे, तू घरी जा."

"आज सलाम केला का तुमी?"

"न करता कसं? त्याला वाईट वाटंल."

"डॉक्टरला दाखवू या. जनावराच्या."

तेव्हा तो उठला, तिच्या अगदी जवळ आला. घोड्याला ऐकू जाऊ नये तसा बोलला. "डॉक्टर रक्त काढून नेणार. आन् तसलं काय निघालं तर सुई टोचून मारून टाकतील ह्याला. मीच धरायचं का त्याला तेव्हा? कुणापाशी बोलू नगंस."

मिनारनं मान लांब करून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. मुनीबच्या सदऱ्यावर पिवळा ओघळ उमटला. त्यानं तो तळहातानं पुसला आणि हात विजारीला.

त्याच आठवड्यात सिद्धराम आला. देगलूरच्या पलीकडचा, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारा. सोबत काळी, नाजूक घोडी. आप्पासाहेबांनी वंशावळ सुरू केली. बाप आयर्लंडपर्यंत आला होता, तेवढ्यात सिद्धराम मिनारच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "येनु इदु? हे काय? नाक का गळायलंय, साहेब?"

"हवापालट!" आप्पासाहेब मोठ्यानं म्हणाले. "पुण्याकडचा घोडा हाय. आपली धूळ सोसंना झालीय त्याला. मोठ्या घरचं नाक!"

सगळे हसले. सिद्धरामही हसला, पण त्यानं घोडीचा दोर आखूड केला.

घोडी तहानलेली होती. तिनं दगडी डोणीकडं मान वळवली. त्याच डोणीत सकाळपासून मिनार पाणी पीत होता. गौसियाच्या हातात भांडी घासल्या पाण्याचं घमेलं होतं. तिनं ठेच लागल्यासारखं केलं आणि राखेचं, खरकट्याचं सगळं पाणी डोणीत ओतलं.

"डोळे फुटले का गं?" आप्पासाहेब ओरडले. "चांगलं पाणी नासवलंस!"

"चुकलं, मालक."

सिद्धरामनं तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग टोपी नीट केली आणि म्हणाला, "घोडी आज तयार दिसंना, साहेब. पुन्यांदा येतो." टेम्पोची फळी वर होताना गौसिया मनातल्या मनात म्हणत होती, बोल की बाबा. तू बाहेरचा हाईस. तुझं काय जातंय? पण तोही बोलला नाही. धूळ उडवत गेला आणि पुन्हा आला नाही.

आता तिची झोप उडाली ती उडालीच. मुनीबला खोकला लागला. खोली तबेल्याला लागून होती. खोकला ऐकू आला की ती कान देऊन बसे: खाटेवरून आला की तट्ट्याआडून? सुरवातीला फरक कळत होता. पुढं पुढं कळेनासा झाला.

मग ताप आला. अंग असं तापे की कपाळावर ठेवलेली पट्टी वाफाळे. दंडावर सुपारीएवढी गाठ आली. उजेड डोळ्यांना सोसेना. निलंग्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं, टायफॉइड असेल म्हणाले. सलाईन लावून आल्यावर तो भिंतीला धरून तबेल्यात गेला आणि मिनारच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. गौसिया दारातून बघत होती. दोघांचेही श्वास घरघरत होते.

आप्पासाहेबांची बायको तारामती रोज डबा आणायची. आधी ती आतपर्यंत यायची, खाटेजवळ बसायची. आता फाटकाबाहेरूनच हाक मारू लागली. नाकाला पदर लावलेला.

"गौसिया, भात-वरण हाय गं. तूपबी घातलंय."

"आत या की, बाईसाहेब."

"नको. मला… धुळीचं होतंय." तारामतीनं डबा फाटकाच्या खांबावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. "ताप कसाय?"

"चढतोय."

"मी मोबाइलवर बघितलं काल. ह्यांनापण दाखवलं. घोड्याचं…" ती थांबली.

गौसियानं फाटकाची सळई घट्ट धरली. "काय बघितलं?"

तारामतीचे डोळे भरून आले. तिनं बंगल्याकडं वळून बघितलं. ओट्यावर आप्पासाहेब उभे होते.

"काही न्हाई. स्वेटर हाय का त्याला? आदिनाथचा जुना पाठवून देते."

आदिनाथ तिचा मुलगा, शिकायला पुण्यात. संध्याकाळी खरंच स्वेटर आला. लोकरीचा, उबदार, चांगला. गौसिया तो मांडीवर घेऊन बसली आणि तिला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे. जगदेवीनं काम सोडलं होतं, पाय दुखतो म्हणून. भीती काही तिच्या एकटीच्या मनाचा खेळ नव्हती. भीती पंगतीला बसली होती आणि प्रत्येक जण तिला वाढत होता.

मुनीबच्या छातीत कळा यायला लागल्या तेव्हा आप्पासाहेबांनी जीप काढली. माणूस वाईट नव्हता. सगळा रस्ता ते एका हातानं स्टीअरिंग धरून दुसऱ्या हातानं मागं बाटली देत होते. "पाणी पाज गं त्याला. लातूर आलंच बघ."

लातूरच्या दवाखान्यात दुपारची गर्दी. डॉक्टर तनुजा म्हणून तरुण बाई होती, डोळ्यांखाली जागरणाचं काळं. तिनं छातीला नळी लावली, दंडावरची गाठ दाबून बघितली, कपाळाला आठी घातली.

"काम काय करतात हे?"

"शेतावर असतो माझ्याकडं," आप्पासाहेब म्हणाले.

"जनावरांत?"

"शेत म्हटल्यावर जनावरं आलीच की, मॅडम. म्हशी हैत."

खोटं नव्हतं. दोन म्हशी होत्या.

"कुठलं जनावर आजारी वगैरे?"

आप्पासाहेबांनी रुमालानं मान पुसली. "म्हशी एकदम ठणठणीत."

गौसियानं खाटेकडं बघितलं. मुनीबनं डोळे उघडले होते. त्यानं मान हलवली, एवढीशी. नको. त्या मानेत सगळं होतं: सुई, खड्डा, चुना, आणि त्याच्या हातात धरलेला मिनारचा दोर.

"ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाली. "टीबी वाटतोय. थुंकी तपासू, रिपोर्ट आल्यावर औषध ठरवू." आणि ती पुढच्या खाटेकडं वळली.

गौसियाला आता तिची नुसती पाठ दिसत होती. ही पाठ गेली की संपलं.

"डॉक्टरबाई! म्हशी ह्यांच्या कामाच्या न्हाईत."

बाई वळली.

"हे घोडा सांभाळत्यात. आन् घोडा आजारी हाय."

"गौसे…" खाटेवरून आवाज आला आणि खोकल्यात बुडाला.

"काय झालंय घोड्याला?"

"सर्दी," आप्पासाहेब झटकन म्हणाले.

"सर्दी न्हाई!" गौसियाचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "बदकनार."

तिला वाटलं होतं, हा शब्द तोंडातून गेला की छत खाली येईल. पंखा फिरत राहिला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी संत्रं सोलत राहिली.

"काय म्हणालात? बद…?"

"बदकनार."

डॉक्टरबाईनं मान हलवली. तिला कळलं नव्हतं. तिनं आप्पासाहेबांकडं बघितलं. "म्हणजे काय?"

गौसियानं एवढं जिवावर उदार होऊन काढलेला शब्द देगलूरच्या टांगा अड्ड्यावरून निघाला होता. लातूरला कुणी ओळखत नव्हतं त्याला. आता आप्पासाहेबांनी नुसते खांदे उडवले तरी पुरे होतं. बाई अडाणी आहे, घाबरलीय, एवढं म्हटलं तरी पुरे.

गौसिया आप्पासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. इतकी जवळ ती कधी गेली नव्हती.

"मालक, मला ह्याचं इंग्रजी येत न्हाई. तुमाला येतंय. बाईसाहेबांनी दावलंय."

"गौसिया, तू जरा बाहेर—"

"त्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव येतंय तुमाला. हेबी येतंय. सांगा. हात जोडते. ह्यांचा जीव जाईल, मालक."

आप्पासाहेबांनी खाटेकडं बघितलं. आदिनाथच्या स्वेटरमध्ये मुनीब कुडकुडत होता. डोळ्यांतलं पाणी कानात ओघळत होतं आणि तो मान हलवत होता, नको, नको.

आप्पासाहेब स्टुलावर बसले. वंशावळ म्हणतानाचा तो आवाज कुठं गेला कोण जाणे.

"ग्लँडर्स," ते म्हणाले. "घोड्याला ग्लँडर्स हाय, मॅडम. आन् ह्यो रोज सकाळी त्याच्या नाकाला नाक लावून श्वास घेतोय."