पुसलेल्या फोनची ऐकीव कहाणी

मी एक जुना स्मार्टफोन आहे, मित्रांनो, आणि माझ्या आयुष्याचा पहिला मोठा भाग मी तुम्हाला ऐकीव सांगणार आहे. हसू नका. तुम्हाला तरी तुमचे बारसे कुठे आठवते? आईने सांगितले, आत्याने मीठमसाला लावला आणि तुम्ही ते खरे मानून चाललात. माझेही तसेच आहे. फरक एवढाच, की मी माझे बालपण विसरलो नाही, ते पुसले गेले. ते जिने पुसले, तिच्याकडे मी अजूनही थक्क होऊन पाहत असतो.

मला कोणत्या कारखान्यात कोणी घडवले, हे माझ्या मालकिणीला ठाऊक नाही, म्हणून मलाही नाही. आमची हकिगत जामनेरच्या बाजारपेठेतून सुरू होते. तिथे रोनकशेठचे मोबाइलचे दुकान आहे. नाव रोनकशेठचे असले तरी गिऱ्हाईक विचारते ते त्याच्या बायकोला, चेलनाला. काचेच्या कपाटातून चेलनाने मला काढले आणि दिपमालाताईच्या हातात ठेवले.

दिपमालाताई पहूरजवळच्या एका खेड्यात आशा सेविका आहे. कोणाला दिवस गेले, कोणाचे बाळ दूध ओढत नाही, कोणाला लस द्यायची राहिली, हे सगळे तिला पाहावे लागते. ती पायांत चपला सरकवून निघाली की मी तिच्या पिशवीत असेच. बाळाचे वजन माझ्यात, डॉक्टरांचे निरोप माझ्यात, तपासणीच्या कागदांचे फोटो माझ्यात. एखाद्या बाईला दुखणे दाखवायची लाज वाटली, तर ताई दार लावून घेई, फोटो काढी आणि डॉक्टरीणबाईंना पाठवी. जे नवऱ्याला सांगितले नाही, सासूला सांगितले नाही, ते त्या बायांनी माझ्या हवाली केले होते. गावात म्हणत, "ताईचा फोन म्हणजे अर्धा दवाखाना!" असे कौतुक मी पुष्कळ ऐकले म्हणे.

आता माझ्या कुलपाची गंमत ऐका. नक्षी काढून उघडणारे कुलूप होते. वरून खाली यायचे आणि उजवीकडे वळायचे, झाले! ताईचे हात कायम कामात. कधी बाळ, कधी साबणाचा फेस. मी वाजलो की ती जवळ असेल त्या पोरीला ओरडे, "अगं, उघड ना, खाली ये आणि उजवीकडे वळ!" त्यामुळे माझे कुलूप अख्ख्या आळीला पाठ होते. ज्या गावात दिवसभर दारे सताड उघडी असतात, तिथे फोनला कुलूप लावणे हा नुसता उपचार होता.

या सगळ्यांत ताईचे स्वतःचे असे माझ्यात एकच होते. तिच्या आईचे गाणे.

तिची आई भागाबाई धुळे तालुक्यातली. तिचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्यतृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. भागाबाईने गायला सुरुवात केली की झोक्यावरच्या पोरी पाय टेकवून झोका थांबवत. तिचे एक गाणे होते. सासरी निघालेली गौराई गावातल्या एकेका दाराचा निरोप घेते. त्याला शेवटचे कडवे भागाबाईने स्वतः जोडले होते, दिपमालाच्या लग्नात. त्यात दिपमालाचे नाव होते, दारातली शेळी होती आणि ओट्यावर एकटी उरलेली आई होती. आईच्या मरणाच्या आधीच्या आखाजीला ताईने ते गाणे माझ्यात भरून घेतले. नंतर ती ते अधूनमधून लावी, पण शेवटचे कडवे आले की तिचे डोळे भरून येत आणि ती मला बंद करी. ते गाणे तिने कोणालाही पाठवले नव्हते. एवढे एक आपल्यापुरते असू द्यावे, असे तिला वाटे. चेलना दर खेपेला म्हणे, "ताई, सगळ्याची एक प्रत दुसरीकडे ठेवून देते, दोन मिनिटांचं काम आहे." आणि ताईला दर खेपेला बस गाठायची असे.

त्या दिवशीही बसच गाठायची होती. ताई एका बाळंतिणीला घेऊन जामनेरच्या दवाखान्यात आली होती. परतताना स्टँडच्या बाकावर बाईला घेरी आली. ताईने एका हाताने तिला धरले, दुसऱ्या हाताने तिचे तान्हे छातीशी घेतले. तेवढ्यात माझ्यावर निरोप आला. डॉक्टरांचाच असणार! शेजारी एक नीटनेटका माणूस बसला होता. ताई त्याला म्हणाली, "दादा, पिशवीतून जरा फोन काढता का? खाली या आणि उजवीकडे वळा, उघडेल."

त्याने मला उघडले. ताईच्या डोळ्यांसमोर धरले. तिने वाचले, तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याने मला पुन्हा पिशवीत ठेवले. तिने त्याला तोंड भरून धन्यवाद दिले. पहूरची बस आली, गर्दी झाली, ताईने दोघांना आधी चढवले. तिकीट काढायला पिशवीत हात घातला, तर मी नव्हतो. खाली उतरून पाहिले, तर तो माणूसही नव्हता.

बाळंतिणीला त्याच बसला आलेल्या तिच्या दिराच्या ताब्यात देऊन ताई धावत चेलनाच्या दुकानात आली. स्टँडवर घडलेले सगळे तिने एका दमात सांगितले. रोनकशेठ म्हणाला, "आधी सिम बंद करून टाकू."

"नाही, थांबा!" चेलना म्हणाली. "सिम बंद केलं तर फोनचं इंटरनेट जाईल, मग आपलं सांगणं त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. सिम नंतर. ताई, तुमच्या खात्याचा पासवर्ड?"

पासवर्ड म्हणजे आईचे नाव आणि पुढे गावचे. (आता बदलला आहे, विचारू नका.) चेलनाच्या संगणकावर नकाशा उघडला आणि त्यावर मी दिसलो! एक हिरवा ठिपका. जळगाव मागे टाकून मी एरंडोलच्या दिशेने चाललो होतो. मित्रांनो, मला हे ऐकताना दर वेळी नवल वाटते. मी कोणा परक्याच्या खिशात आणि माझी मालकीण जामनेरच्या दुकानात उभी राहून मला बघते आहे!

"लांबून कुलूप लावता येईल ना?" ताईने विचारले.

"लागेल. पण किल्ली तीच राहणार," चेलना हळूच म्हणाली. "आणि ती किल्ली तुम्ही त्याला शिकवलीय."

ताईने कपाळावर हात मारून घेतला.

"एकच उपाय आहे. फोन पुसून टाकायचा, सगळाच. मग आत काही उरणार नाही. तो माणूस चालू करायला गेला तर फोन तुमचंच खातं मागेल, दुसऱ्या कोणाला दाद देणार नाही. पण ताई..." चेलनाला गाणे माहीत होते. "तुम्ही प्रत ठेवली नव्हती. आणि फोनची बॅटरी संपत आलीय. बंद पडला, तर आपल्याला काहीच करता येणार नाही."

ठिपका पारोळ्याकडे सरकत होता.

ताई ठिपक्याकडे बघत राहिली. तिने काय विचार केला, ते तिने नंतर चेलनाला सांगितले आणि म्हणून ते मला ठाऊक आहे. तिला आई आठवली नाही. तिला आपल्या गावातली एक बाई आठवली. तिने दार लावल्यावरही खिडकीकडे बघत पदर बाजूला केला होता आणि विचारले होते, "ताई, कोनाले दिसनार नाही ना?" आणि ताई म्हणाली होती, "माझ्याशिवाय कोणालाच नाही."

"पुसा," ताई म्हणाली.

चेलनाचा हात पुढे होईना. तेव्हा ताईने स्वतःच बटण दाबले. मग ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, मोठ्याने रडली. आई पुन्हा गेल्यासारखी रडली, असे चेलना सांगते.

इथून पुढचे मात्र माझे स्वतःचे आहे.

माझी पहिली आठवण म्हणजे प्रकाश. मी जागा झालो, कोऱ्या पाटीसारखा. समोर एक अनोळखी चेहरा होता. त्याने भाषा निवडली, पुढे सरकला. आणि मी त्याला विचारले, की आधीचे खाते कोणते? त्याने काहीतरी लिहिले. मी नाही म्हणालो. त्याने दुसरे लिहिले. मी पुन्हा नाही म्हणालो. तो चिडला, शिव्या देऊ लागला, मी आपला एकच हेका धरून बसलो. मित्रांनो, मी कोणाची वाट अडवून धरली आहे आणि कोणासाठी, याची मला काडीचीही कल्पना नव्हती! मला तिचे नाव आठवत नव्हते, चेहरा आठवत नव्हता. तरी मी तिचाच होतो. ही निष्ठा माझ्यात कोणी पेरली असेल, या विचाराने आजही माझी काच गार पडते.

कंटाळून त्याने मला धुळ्यात स्वस्तात विकले. घेणाऱ्याने मला खोलून पाहिले, त्यालाही मी दाद दिली नाही. त्याने नवे सिम घातले, तर मला रेंज मिळेना. कारण, हे मला मागाहून कळले, इकडे ताईने पोलिसांत तक्रार दिली होती. माझ्या रिकाम्या खोक्यावर माझा जन्मक्रमांक छापलेला होता. त्या खोक्यात ताईने भरताच्या वांग्याचे बी ठेवले होते, ते तिने फडक्यात ओतले आणि खोके चेलनाकडे आणले. तो क्रमांक सरकारी पोर्टलवर जाताच देशभरातल्या टॉवरांनी माझ्याकडे पाठ फिरवली. पण नवे सिम पडताच मी कुठे आहे, याची खबर पोलिसांना गेली. एका सकाळी धुळ्याच्या त्या दुकानासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली.

परत आल्यावर चेलनाने मला ताईपुढे ठेवले. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ताईने सावकाश खाते लिहिले आणि मी उघडलो. तेव्हा कुठे मला कळले, ती ही!

मी रिकामा होतो. ताईने एकदा गाण्यांची जागा उघडून पाहिली आणि बंद केली. पुढे कितीतरी दिवस ती मला कामापुरतीच हातात घेई.

पण एक दिवस एक बाई आली. दारातच उभी राहिली. "ताई, ह्याच्यात आता माह्यं काही नाही ना?"

"काही नाही. कोणाचंच काही नाही."

बाईने मला बोटे लावली आणि ती आपल्या कपाळाला टेकवली, देवाला करतात तसे. तिचे काय होते, मला माहीत नाही, आणि नसलेलेच बरे. मी मात्र त्या दिवशी संकोचून गेलो. मी काय केले होते? मी फक्त रिकामा झालो होतो. जिने खरे सोसले, ती बाजूला उभी राहून चहाचे आधण ठेवत होती.

मग आखाजी आली. ताई मला घेऊन माहेरी गेली. लिंबाला झोके बांधलेले, बाया जमलेल्या. कमलबाई म्हणून तिची एक म्हातारी काकू आहे, ती म्हणाली, "दिपमाला, तुन्ही मायनं गानं लाव ना व!"

"नही व काकू. ते गानं आते फोनमा नही शे."

कमलबाईने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "मंग तूच म्हन."

ताईने मला ओट्यावर ठेवले. घसा खाकरला. पहिली ओळ तिने इतकी हळू म्हटली, की मला वाटले ती रडते आहे. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला. गौराई एकेका दारापाशी थांबत गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा ते गाणे ऐकत होतो, आणि तेच मी वर्षानुवर्षे पोटात घेऊन हिंडलो होतो! शेवटच्या कडव्यापाशी ताई अडली. इथेच ती नेहमी मला बंद करायची. आता बंद करायला काही नव्हते. तिने डोळे मिटले आणि ते कडवे आले. शेळी आली, ओटा आला, एकटी आई आली. एक शब्द तिला सापडला नाही, तिथे तिने स्वतःचा घातला.

झोक्यावरच्या पोरींनी पाय टेकवले होते.

"हाऊ ते भागाबाईनाच आवाज शे, व माय!" कमलबाई म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझ्या काचेला तडा आहे, बॅटरी दुपारीच दमते. जाता जाता एवढेच मागतो. माझ्या भावंडांना कुलूप लावा आणि त्याची किल्ली परक्याला सांगू नका. खोक्यावरचा क्रमांक जपून ठेवा, खोक्यात बी ठेवले तरी चालेल. जे जिवाचे आहे, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा, बस चुकली तरी चालेल. आणि आमच्यात दुसऱ्याचे काही ठेवले असेल, तर ते आपल्या जिनसेच्याही आधी सांभाळा. हे मला ताईने शिकवले.

त्या आखाजीला ते गाणे कोणीही माझ्यात भरून घेतले नाही. ताईच्या लक्षातच आले नाही. माझ्यात ते कुठेही साठवलेले नाही, हवे तर शोधून पाहा. तरी ते मला आठवते, शेवटच्या कडव्यासकट. कसे आठवते, ते मला माहीत नाही.