थांबून निघून गेलेला माणूस

भिंगरीला गाडीनं उडवलं, तेव्हा तिचा बाप एका शाळेच्या खिडकीला दुधी काच बसवत होता. काच अर्धी चौकटीत, अर्धी त्याच्या तळहातांवर, आणि खिशातला फोन वाजतोय. हातातली काच सोडून फोन घ्यायचा नाही, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यानं काच नीट बसवली, चारी बाजूंनी पुट्टी दाबली, हात पुसले आणि मगच पुन्हा वाजणारा फोन कानाला लावला. ती पाच मिनिटं पुढे कित्येक महिने त्याला खात राहिली, जणू तेवढ्यात काही वाचवता आलं असतं.

तिचं खरं नाव वेगळंच, पण पाय एका जागी ठरत नसत म्हणून घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत. वय चोवीस. नगरपालिकेच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. त्या सकाळी सायकलवरून कामावर निघाली होती. चौकात तिचा सिग्नल हिरवा होता, हे कोपऱ्यावरच्या फुलवालीनं छातीवर हात ठेवून सांगितलं. आडव्या रस्त्यानं एक राखाडी गाडी लाल दिवा न बघता आली.

फुलवालीनं आणखीही एक सांगितलं. गाडी थांबली. आतला माणूस धावत उतरला. रुग्णवाहिका त्यानंच बोलावली, अंगातला कोट काढून पोरीच्या डोक्याखाली घातला आणि तिचा हात हातात धरून भर रस्त्यात बसून राहिला. मग पोलीस आले. त्यानं खिशातून एक कार्ड काढलं. एका परदेशी वकिलातीतला अधिकारी होता तो. हवालदारानं कार्ड उलटसुलट पाहिलं, वरच्या साहेबांना फोन लावला आणि कार्ड परत दिलं. तिसऱ्या दिवशी तो माणूस विमानानं आपल्या देशी निघून गेला.

भिंगरी एकोणीस दिवस इस्पितळात बेशुद्ध होती.

त्या दिवसांत काचवाल्याला आज कुठला वार हेही सांगता आलं नसतं. इस्पितळाच्या त्या खोलीला पश्चिमेकडे रुंद खिडकी होती. दुपार कलली की ऊन आत येई, पलंगाच्या पायाशी घुटमळे, चादरीवरून हळूहळू वर सरके आणि पोरीच्या हनुवटीपर्यंत पोचायच्या आत विझून जाई. बायको उशाशी बसून पोरीच्या केसांतून बोटं फिरवायची. कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्याला वाटे, आपण सगळेच पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी जगातली माणसं पोहतायत. त्यांच्या हातापायांचे आवाज तेवढे खाली येतात, तेही उशिरा.

विसाव्या दिवशी तिनं डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "छत्री कुठंय?"

छत्री म्हणजे आई, हे कळायला दोन दिवस गेले. डोक्यातल्या शब्दांची सगळी मांडामांड विस्कटली होती. उशीला ती होडी म्हणे, चमच्याला शेजारी. मोठ्या डॉक्टरांना तिनं तोंडावर "या बादली, बसा" म्हटलं, तेव्हा नर्स हसू दाबत, रुमाल तोंडाला लावून बाहेर पळाली. डॉक्टर मात्र गंभीर चेहऱ्यानं बसले. काचवाला कितीतरी दिवसांनी खो खो हसला आणि हसता हसताच त्याला हुंदका फुटला.

"शब्द येतील परत," डॉक्टर म्हणाले. "उजव्या पायाचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

पोर वाचली म्हणून जीव भांड्यात पडला, आणि मग रागाला जागा झाली. तो थेट परराष्ट्र खात्यात गेला. तिथला कायद्याचा अधिकारी वयानं त्याच्याएवढाच होता, टेबलावर फायलींचे ढीग, त्यांच्यामागे दमलेला चेहरा.

"म्हणजे माणूस मारला तरी चालतं त्यांना?" काचवाल्यानं विचारलं.

"चालतं असं नाही हो. आपल्याला त्यांच्यावर खटला भरता येत नाही. त्यांच्या सरकारनं हे संरक्षण काढून घेतलं तरच. आम्ही तसं मागितलं होतं."

"मग?"

"नाही म्हणाले."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

अधिकाऱ्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, तुमची थोरली लेक आपल्याच वकिलातीत आहे ना, तिकडं लांब? सुट्टीवर आलीय, कळलं मला. हे कार्ड कशासाठी असतं ते तिलाच विचारा. मी सांगितलेलं तुम्हाला पटायचं नाही."

थोरली त्या वेळी घरी गच्चीवर भिंगरीचे कपडे वाळत घालत होती. दूरच्या एका देशात ती आपल्या वकिलातीत कारकून होती. बापानं विचारलं तेव्हा तिनं हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, कडा सारख्या केल्या. चादरीच्या पलीकडूनच बोलली.

"दोन वर्षांपूर्वी तिथं सरकार उलथलं. आठवतं? मी फोनवर म्हणाले होते, सगळं ठीक आहे."

"ठीक नव्हतं?"

"आमची गाडी अडवली, बाबा. माझी बॅग रस्त्यावर उपडी केली. एकानं दंड धरला. मी कार्ड दाखवलं. त्यांच्या साहेबानं ते किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक, मला तो सबंध उन्हाळा वाटला. मग म्हणाला, जा."

वाऱ्यानं चादर फुगली. तिच्यावरची थोरलीची सावली मोठी झाली, लहान झाली.

"गाडीत आमचा स्वयंपाकीही होता. तिथलाच माणूस. त्याच्याकडे कार्ड नव्हतं. त्याला उतरवून घेतलं."

"पुढे?"

"पुढे काही नाही. त्याचा पत्ताच लागला नाही."

काचवाल्यानं हात पुढं केला. थोरलीनं पर्समधून कार्ड आणून दिलं. तळहाताएवढंही नव्हतं. त्यावर लेकीचा फोटो, न हसणारा. ज्या चिजेचा त्याला इतका संताप होता, तिनंच ही लेक त्याच्या गच्चीवर परत आणून उभी केली होती. त्यानं कार्ड उन्हात धरलं, शर्टाला पुसलं आणि परत देत म्हणाला, "जपून ठेव." म्हणाला आणि स्वतःवरच चिडला.

"मग त्याला सोडून द्यायचं म्हणतेस?"

"सोडायचं कोण म्हणतंय? कार्ड इथं चालतं, बाबा. स्वतःच्या देशात त्याला कसलं आलंय कार्ड? तिथं तो तुमच्याआमच्यासारखाच. आपण तिथं दाद मागू."

त्या माणसाच्या देशाची भाषा थोरली शिकलेली होती. बाप सांगे, ती लिही. पहिल्या पत्रात त्यानं इतक्या शिव्या घातल्या की तिनं पेन खाली ठेवून विचारलं, "यातली कुठली ठेवायची ते तरी सांगा." शेवटी एकही ठेवली नाही. फुलवालीचा जबाब जोडला, डॉक्टरांचे कागद जोडले. थोरलीनं बिनपगारी रजा वाढवून घेतली आणि तेरा महिन्यांत अकरा पत्रं गेली. दरम्यान भिंगरी कुबड्यांवर उभी राहिली, छत्रीची आई झाली, बादलीचे डॉक्टर झाले. अपघातातलं मात्र तिला काही आठवत नव्हतं. निदान घरच्यांचा तसा समज होता.

बाराव्या पत्राआधी उत्तर आलं. खटला उभा राहणार होता.

आई घरीच थांबली. तिला तो माणूस डोळ्यांसमोर नको होता. बाप आणि दोघी बहिणी गेल्या. तिथलं कोर्ट म्हणजे उंच छताचं, फिकट लाकडाचं एक दालन. लोक हलक्या आवाजात बोलत, आणि त्या अनोळखी भाषेतले शब्द काचवाल्याच्या कानांवरून नुसते वाहत जात. थोरली शेजारी बसून कुजबुजत अर्थ सांगे. माणूस समोरच होता. काचवाल्यानं मनात रंगवलेला राक्षस वगैरे काही नव्हता. केस विरळ झालेला, पडेल खांद्यांचा कुणीतरी होता.

"फोनवर निरोप वाचत होतो," तो म्हणाला. "दिवा लाल होता. मी पाहिला नाही." वकिलानं त्याची बाही ओढली, तरी त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी भिंगरीला विचारलं, काही बोलायचंय का. काचवाल्यानं थोरलीकडे पाहिलं. ही आता कुठला शब्द कुठे घालील? भिंगरी कुबड्या टेकून उठली. एकेक शब्द निवडून, सावकाश बोलली.

"तुम्ही थांबला होतात. माझा हात धरला होतात. मग गेलात का?"

थोरलीला ते त्या भाषेत सांगायला दोनदा सुरुवात करावी लागली. माणूस जमिनीकडे पाहत होता. मग त्यानं मान वर केली.

"वरिष्ठ मला जा म्हणाले," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "आणि मला जायचंच होतं."

भिंगरीनं मान डोलावली आणि ती खाली बसली.

दोन वर्षांची शिक्षा झाली, पण स्थगित. म्हणजे तुरुंग नाहीच. नोकरी मात्र गेली, आणि गाडी चालवायचा परवानाही. निकाल ऐकून काचवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दगड फोडायला पाठवायला हवं होतं या माणसाला, असं तो परतीच्या विमानात तीनदा म्हणाला. खिडकीखाली ढग पसरले होते, पांढरे, टोक नसलेले. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती.

"तुला आठवत होतं?" त्यानं विचारलं.

"हात आठवत होता. स्वप्न असेल असं वाटायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या काळजाचं पाणी झालं असतं."

"राग नाही येत तुला?"

"येतो ना. पायात मोजे घालताना रोज येतो." तिनं ढगांवरून नजर काढली. "पण आता तो हात एकट्या मलाच आठवतो असं नाही. त्या माणसालाही आठवतो. त्यानं सगळ्यांसमोर तसं सांगितलं."

पुढच्या महिन्यात थोरली आपल्या कामावर गेली. भिंगरी तलावाच्या काठावर खुर्ची टाकून मुलांना शिकवू लागली, आणि तिचा आवाज आता पहिल्यापेक्षा मोठा लागे. फुलवालीनं एकदा काचवाल्याला हटकून विचारलं, "काका, झाला का न्याय?"

त्याच्या खांद्यावर काच होती. ती उतरवून ठेवायलाही जागा नव्हती. "अर्धा," तो म्हणाला, आणि रस्ता मोकळा आहे का ते दोन्हीकडे बघून पलीकडे गेला.