लोर्नाच्या हातचा गंज

मित्रांनो, मी मालगाडीचा एक जुना डबा आहे. खरा नव्हे, तळहातावर मावणारा. अमेरिकेत ओहायोतल्या एका तळघरात, फळ्यांवर मांडलेल्या छोट्या रुळांवरून धावतो. धावून धावून चाकं झिजली, पण पोहोचलो कुठेच नाही. आता खरंच शीण आलाय.

माझा मालक वेंडेल. तळघरातल्या त्याच्या या छोट्या रेल्वेत साल कायम १९५६, कारण वाफेच्या इंजिनांवर त्याचा भारी जीव. मी आलो तेव्हा लालभडक, चकचकीत होतो. "नवरदेवासारखा नटलाय! आपल्या या फळीवरच्या कोळशाच्या गावात कोण खरं मानेल?" तो म्हणाला. मग त्याची बायको लोर्ना हिने मला हातात घेतलं. खडूची पूड, पातळ करडा रंग, बारीक कुंचला. दारांच्या कडांना गंज, छपराला काजळी, चाकांपाशी चिखल. पाऊस न बघताच मी म्हातारा झालो! पाहुणे वाहवा करत. तिचं ते शेवटचं काम; पुढे तिचे हात थरथरू लागले.

एका शनिवारी वेंडेलचा मित्र ऑरविल आला. चष्मा सरसावून त्याने माझ्या अंगावरची, बांधणीच्या सालाची बारीक अक्षरं वाचली.

"अरे वेंडेल, बांधणी पंचावन्नची आणि तुझं साल छप्पन! वर्षभरात एवढा गंज? समुद्रात बुडवला होतास की काय?"

वेंडेलचा चेहरा पडला. या छोट्या रेल्वेवाल्या मंडळींना घराचं छप्पर गळलेलं चालतं, साल चुकलेलं चालत नाही. त्याने स्पिरिटने फडका भिजवला. गंज पुसायला मला उचललं.

तेवढ्यात लोर्ना कॉफी घेऊन जिना उतरली. "पुसून टाक रे. मी पुन्हा हलकासा रंगवते," ती म्हणाली. पण तिच्या हातातल्या ट्रेमध्ये कप एकमेकांवर वाजत होते. तिघांनीही ते ऐकलं.

वेंडेलने बाटलीला बूच लावलं. "ऑरविल, आजपासून इथे चौऱ्याहत्तर साल. एकोणीस वर्षांच्या डब्याला एवढा गंज शोभतो."

"वेडा झालास? मग तुझी वाफेची इंजिनं? तोवर ती भंगारात गेली होती!"

"ठाऊक आहे."

"आणि डब्याच्या छपरावरची चालायची फळी? तीही तेव्हा काढून टाकली होती."

"काढतो."

"एका डब्यासाठी एवढं?" लोर्ना म्हणाली.

"डबे काय, ढीगभर मिळतात गं," वेंडेल म्हणाला, आणि लेकरांसारखी जपलेली इंजिनं एकेक करून खोक्यात ठेवू लागला. मध्येच त्याने डोळे पुसले.

आता मी डिझेल इंजिनामागे धावतो. फार थकलोय. मित्रांनो, जुन्या वस्तूचा मळ काढण्याआधी विचारा, तो कुणाच्या हातचा आहे. माझा लोर्नाच्या हातचा आहे. तेवढा पुसू नका.