शटरखालचा वास

साहेब, माझ्या ताईची टाकी तुम्ही मारलीत. आवाज मोजायला आलात आणि अख्ख्या खोलीला सील ठोकून गेलात. वीज कापलीत. आत काहीतरी जिवंत आहे असं ती तुम्हाला सांगत होती तेव्हा तुम्ही लाखेवर फुंकर घालत होतात. लाख लवकर वाळावी म्हणून. मी शेजारीच उभा होतो, तेव्हा नाही म्हणू नका.

तुम्हाला सांगून झालं आहे, आता इथे रांगेत उभ्या बाकीच्यांना सांगतो.

आमची खोली म्हणजे एक लांबट गाळा. रस्त्याकडच्या तोंडाला माझं कॉफीचं टेबल आणि कॉफी भाजायचं यंत्र. मागच्या भिंतीला ताईची बिअरची टाकी. मधल्या मोकळ्या जागेत रविवारी दुपारी आमचा बँड. मी त्यात ओरडतो, भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, ड्रम वाजवतात, गिटारवाले दोघे येऊन-जाऊन असतात. आई म्हणते, "एकीने दारू गाळली, एकाने घसा फाडला, आणि जावई शोधला तर तोही बडवणारा निघाला. माझं नशीब!" पण रविवारी दार लावून घेते आणि माझ्याच हातची काळी कॉफी पीत बसते, साखरेशिवाय. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.

ती कॉफी एकदा पिऊन बघायला हवी होती तुम्ही. दाणा भाजताना तडतडतो, आणि त्या तडतडीनंतर किती थांबायचं त्यातच सगळी विद्या आहे. लवकर उतरवला तर पेला गवत लागतो, उशीर झाला तर कोळसा. मधे एक क्षण असा येतो की त्यात संत्र्याची साल लागते, ओला लाकूडफाटा लागतो. तो क्षण पकडायला मला काही वर्षं लागली, आणि अजून दहातले तीन घाणे हुकतात. हुकलेला घाणा मी विकत नाही. ताई विकू देत नाही.

आणि आमचं गाणं. हार्डकोर पंक म्हणतात त्याला. दीड मिनिटात संपतं. म्हणायचं ते म्हणून टाकायचं, आळवत बसायचं नाही. समोरची माणसं एकमेकांवर आदळतात, आणि कुणी पडलं की चार हात खाली वाकतात. बाहेरून बघणाऱ्याला मारामारी वाटते. असू दे.

पण गोष्ट ताईच्या टाकीची आहे.

बिअर म्हणजे पाणी, मोड आणून वाळवलेलं जव, कडवटपणासाठी एक फूल आणि यीस्ट. यीस्ट म्हणजे विरजणच समजा. एका खेपेतलं थोडं काढून पुढच्या खेपेला लावायचं. ताईचं विरजण तिला तिच्या उस्तादाने दिलेलं. त्याला सगळे ड्रमवाला म्हातारा म्हणायचे, ड्रम म्हणजे लाकडी पिंप, भाऊजींचा नव्हे. हयातभर त्याने ते एकच वाण जपलं होतं. जाताना बरणी ताईच्या हातात दिली आणि म्हणाला, "पोरी, हिला उपाशी ठेवू नकोस, उकाड्यात ठेवू नकोस, बाकी ती तुझं बघून घेईल." पिकल्या पेरूचा वास आणि शेवटी मिरीसारखी चुणचुण, असं काहीतरी त्या बिअरमध्ये यायचं. बाजारातल्या पाकिटातल्या यीस्टने ते येत नाही. आम्ही करून बघितलं आहे.

आता तुम्ही विचाराल, दुसरी बरणी कुठे ठेवली नव्हती का? होती. त्याच गाळ्यातल्या फ्रीजमध्ये. घरच्या फ्रीजमध्ये आई ठेवू देत नव्हती. "माझ्या दुधाला तुझ्या दारूचा शेजार नको." त्यावर ताई हसली होती. आता आई तो फ्रीज उघडते आणि काही न घेता बंद करते.

तर तक्रार आली. कुणी केली ते सांगत नाहीत, नका सांगू. एका रविवारी दुपारी साहेब आले, हातात आवाज मोजायचं यंत्र, बरोबर एक शिपाई. साहेब म्हणजे तसे सभ्य. मी कॉफी पुढे केली तर म्हणाले, "ड्यूटीवर घेत नाही." मग म्हणाले, "नेहमी वाजवता तसं वाजवा."

भाऊजींनी मला कोपऱ्यात घेतलं. "ऐक, मी काठ्यांना फडकं गुंडाळतो. तू माइकपासून हातभर लांब राहा. काटा हिरव्यात राहिला की साहेब घरी, आपण घरी."

मी मान डोलावणार होतो. तेवढ्यात मागून ताई आली, हात पुसत.

"काय गुंडाळताय?"

"काही नाही गं, जरा..."

"त्यांनी नेहमीसारखं वाजवा सांगितलंय ना?"

"अगं, सांगणारा सांगतो. ऐकणाऱ्याने शहाण्यासारखं ऐकायचं असतं."

"मग मी पण बिअरमध्ये उद्यापासून रंग घालते," ताई म्हणाली. "आणि हा कॉफीत चिकोरी घालेल. सोपं पडेल सगळ्यांना."

भाऊजींनी फडकं खाली टाकलं. चौदा वर्षं संसार झाला आहे, कुठे थांबायचं ते त्यांना कळतं. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. हा आमच्या लोकांचा रोग आहे. फसवून सुटता येत असताना आम्ही खरं वाजवतो. मग आम्ही वाजवलं. गेल्या वर्षभरात इतकं चांगलं वाजलं नव्हतं. पहिल्याच गाण्यात साहेबांच्या हातातला काटा तांबड्यात गेला आणि तिथेच बसून राहिला. शिपायाने दोन्ही कानांत बोटं घातली. तिसरं गाणं सुरू करणार तेवढ्यात साहेबांनी हात वर केला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शिक्षा व्हायला हवी होती, आम्ही नाही म्हणत नव्हतो. बँड बंद करा म्हटलं असतं तर दोन शिव्या देऊन केला असता. पण साहेबांच्या नियमात खोली एकच होती. ज्या खोलीत आवाज झाला ती खोली बंद. तिच्यात काय काय आहे हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

"साहेब, टाकी चालू आहे," ताई म्हणाली.

"बंद करा मग."

"ती बंद होत नसते. परवाच विरजण लावलंय, आत आंबतंय. थंड ठेवावी लागते, नाहीतर तापते."

"म्हणजे मोटर आहे का?"

"मोटर थंडाव्याची. आत यीस्ट आहे. जिवंत असतं ते."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, "जनावर वगैरे नाही ना आत?"

"जनावर असतं तर सोडलं असतंत का?" भाऊजींनी विचारलं.

"जनावराचा वेगळा विभाग आहे," साहेब म्हणाले, आणि ते अजिबात चेष्टा करत नव्हते. "तुम्ही अर्ज करा. मालाबद्दल अर्ज करा. लगेच होतं."

शटर खाली आलं. सुतळी, लाख, शिक्का. सील तोडू नये असा सहीचा कागद साहेबांनी माझ्या हातात दिला. वीजवाला येऊन खांबावरून तार काढून गेला. उन्हाळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गाळ्यावर नेहमीच्या वेळेला गेली आणि शटरसमोर मांडी घालून बसली. शटर आणि फरशी यांच्यामधे बोटभर फट आहे. तिथे नाक लावायची. लोक जाता-येता बघत होते, बघू देत.

"पेरू," ती म्हणाली. "अजून ठीक आहे."

टाकीतून एक नळी निघते आणि तिचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडालेलं असतं. आंबताना वायू निघतो, बादलीत बुडबुडे येतात. रस्ता शांत असला की तो आवाज बाहेर ऐकू यायचा. भाऊजी कान लावून बसायचे. त्यांना लय कळते. पहिल्या दिवशी म्हणाले, "आपल्या पहिल्या गाण्याएवढी पळतेय." ताई खूश झाली नाही. थंडावा नसला की यीस्ट पिसाळतं, धावत सुटतं. धावणं चांगलं नसतं, असं ती म्हणाली.

मी कचेरीत गेलो. अर्ज दिला. खिडकीवरच्या बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. "सील ध्वनीवाल्यांचं, वीज वीजवाल्यांची, दारूचा परवाना तिसरीकडे. तुमचं नेमकं काय अडलंय?" मी सांगितलं. परवान्याच्या टेबलावरचा माणूस तर उठून उभा राहिला. "अहो, तुमच्या बिअरबद्दल आमची काहीच तक्रार नाही! उत्तम आहे. मी स्वतः घेतलेली आहे."

"मग अर्धा तास शटर उघडायला सांगा. एक बरणी काढून घेतो, पुन्हा लावा तुमचं सील."

"सील आमचं नाही ना. आणि यीस्टचं काय एवढं, पाकिटात मिळतं की."

हे मी ताईला घरी येऊन सांगितलं. सांगायला नको होतं. ती म्हणाली, "पोर हरवलं म्हणून सांगायला गेलं तर दुसरं करा म्हणतात का रे?" आणि ताटावरून उठली. आईने तिचं ताट झाकून ठेवलं. बराच वेळ झाकलेलंच होतं.

मग पेरू गेला. फटीतून नेलपॉलिशचा वास यायला लागला, डोक्यात जाणारा. बुडबुडे संथ झाले. भाऊजी म्हणाले, "अंगाईच्या लयीत आहे." कुणी हसलं नाही, त्यांनाही हसायचं नव्हतं.

त्या दुपारी मी घरून पत्रा कापायची कात्री घेऊन गेलो. सुतळी आणि एक लाखेचा गोळा, त्याला काय लागतं? आमच्या गाण्यांत आम्ही दर रविवारी असली सीलं तोडतो. ओरडून ओरडून तोडतो. ताई शटरला पाठ लावून उभी राहिली.

"सरक," मी म्हणालो.

"तोड आणि मग? परवाना जाईल. कायमचा. बरणी हातात येईल आणि ती लावायला टाकी नसेल. बरणी काय उशाशी घेऊन झोपू?"

"मग बघत बसायचं?"

"मला दुसरं काही सुचत असेल तर सांग ना! तू सांग. गाणी तू लिहितोस."

आम्ही दोघे रस्त्यावर उभे, हातात कात्री. ती मी फटीपाशी बसलेल्या भाऊजींच्या पिशवीत टाकली.

पुढे काय होतं ते ताईने सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं. खायचं संपलं की यीस्ट तळाला जाऊन बसतं. गारव्यात असेल तर निजतं आणि पुढच्या खेपेपर्यंत थांबतं. उकाड्यात नीज लागत नाही. मग ते स्वतःलाच खायला लागतं. तेव्हा जळक्या रबराचा वास येतो.

तो वास आल्यावर ताईला फटीपाशी नाक लावावं लागलं नाही. कोपऱ्यावरच आला. ती तिथूनच मागे फिरली. भाऊजी कान लावायला गेले आणि लगेच परतले. बादलीत काहीही वाजत नव्हतं.

आणि मग उत्तर आलं, साहेब. इतक्या अर्जांनंतर एकदाचा कागद आला, तुमच्या सीलच्या बरोबर वर चिकटवलेला. उघडायची परवानगी असेल म्हणून आई चष्मा घालून स्वतः वाचायला आली. तो आरोग्यवाल्यांचा होता. गाळ्यातून दुर्गंधी येत असल्याची तक्रार आहे. आतला नासका माल गाळेधारकाने दोन दिवसांत हलवावा. न हलवल्यास परवाना रद्द.

मी कागद घेऊन आरोग्यवाल्यांकडे गेलो. म्हटलं, सील आहे. ते म्हणाले, "सील आमचं नाही. आमचं फक्त वासाचं." तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "सीलला हात लावू नका, गुन्हा आहे. वासाचं आमच्याकडे नाही." दोघेही बोललात सरळ, शांतपणे, आवाज न चढवता. याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. तुमच्याकडे तो मोजायचं यंत्र नसेल.

काल रात्री जेवताना ताई बोलली. बऱ्याच दिवसांनी. "सगळं मरत नाही रे एकदम," ती म्हणाली. "तळाशी, अगदी खाली, लाखात एखादं असतं. थंड पाण्यात धुवून, गोड पाणी पाजून, हळूहळू उठवता येतं. म्हाताऱ्याने एकदा उठवलं होतं. मला उद्या काढायला मिळालं तर कदाचित. परवा नाही."

भाऊजींनी विचारलं, "खात्री आहे?"

"नाही," ताई म्हणाली. "पण आत असेल तर वाट बघत असेल."

आता मी तुमच्या खिडकीसमोर उभा आहे. एका हातात तुमचं सील तोडू नका म्हणणारा कागद, दुसऱ्या हातात आतला माल काढा म्हणणारा कागद. बाहेर पायरीवर ताई बसली आहे, मांडीवर रिकामी, उकळून घेतलेली बरणी. तिचं झाकण ती काढत नाही, आतली हवा घाण होईल म्हणून. मी ओरडणार नाही. आज तुमचा काटा जागचा हलणार नाही.

सील न तोडता शटरच्या आत जायचं कसं, साहेब? दोन कागद आहेत, दोन्हींवर सही आहे. उठा, बाहेर या, आणि ते मला नको, पायरीवर बसली आहे तिला सांगा.